दगडाची उशी

"सदर डोंगराच्या उतारावरील पोकळ्या पाऊस-वाऱ्याने झालेल्या असून विटांचे ढीग गुराख्यांनी रचलेले आहेत. भिंतीवरील रेघोट्या गुरांनी शिंगे घासल्याच्या आहेत. सबब, दगड काढण्यास हरकत नाही."

बेटेगावच्या पूर्वेकडील कोठ्यांच्या डोंगराविषयी ओव्हरसिअर झुंबरराव गुंजाळ यांनी १९६५ साली दिलेला हा अहवाल. कमलाकांत सावे यांनी तो वाचला आणि शांतपणे चष्मा पुसला. उभा जन्म पाली शिकवण्यात घालवून ते शिरगावच्या आपल्या वाडीत परतले होते. त्या डोंगरावर बौद्ध भिक्षूंचा विहार होता, हे सांगायला त्यांना कुणाच्या सहीची गरज नव्हती.

पाऊस मोठा शिस्तीचा असला पाहिजे. त्याने काटकोनात पाच खोल्या कोरल्या, दारांना खाचा ठेवल्या आणि तहान लागेल म्हणून बाहेर पाण्याचे टाके, म्हणजे पोढीही खोदली. गुराख्यांना हातभर लांबीच्या विटा भाजण्याइतकी फुरसत होती. आणि पंचक्रोशीतल्या बैलांना ब्राह्मी लिपी येत होती, तीही सुवाच्य.

भिंतीवरच्या त्या लेखाची खालची ओळ सावे यांनी वाचली होती: भिक्षुणीचे दान. वरच्या ओळीत तिचे नाव होते. शेवाळ सुकल्यावर वाचू, म्हणून ते थांबले. कंत्राटदाराचा सुरुंग थांबला नाही. दोन खोल्या गेल्या, आणि दोन हजार वर्षे टिकलेले ते नाव खडी होऊन कुठल्याशा रस्त्याखाली दडपले गेले.

उरल्या तीन. सावे यांच्या तक्रारीवरून प्रांतसाहेब पाहणीला आले. अहवाल त्यांना पटला, तर सोमवारी त्याही उडणार होत्या.

भर दुपारी तिघे चढू लागले. गुंजाळ खुशीत होते.

"प्रोफेसर, तुम्ही पोथ्या वाचता, आम्ही दगड वाचतो."

"मग आपण अजून मुळाक्षरांवरच आहात, झुंबरराव."

पोढीवर खालच्या पाड्यातली सोजराबाई हंडा भरत होती. गुंजाळांना पाहून ती सोबतिणीला म्हणाली, "आलं गं उशीवालं सायब. आज सोबत पन आनलीय." मग प्रांतसाहेबांकडे वळून, "वर उशी येकच हाय हां, दादा."

"कसली उशी?" प्रांतसाहेबांनी विचारले.

"अडाणी बाई आहे, साहेब. चला आपण."

"आमी अडानीच," हंडा उचलत सोजराबाई म्हणाली, "पन झोपाया घरी जातो."

 सावे सरळ शेवटच्या खोलीत शिरले. मागून साहेब, आणि सर्वांत शेवटी, पाय ओढत, गुंजाळ. आत गारवा होता. भिंतीलगत अखंड खडकातून कोरलेला माणूसभर लांबीचा ओटा होता, आणि त्याच्या एका टोकाला चार बोटे उंचीची, कडा गोलसर केलेली दगडी उशी. कोणा भिक्षूच्या मानेसाठी कोणी तरी मन लावून घडवलेली. तिच्यावर मधोमध काळपट, चिकट डाग होता. प्रांतसाहेब वाकले. माक्याच्या तेलाचा वास ताजा होता. त्यांनी मान वळवून गुंजाळांच्या टोपीखालून दिसणाऱ्या, चापून बसवलेल्या केसांकडे पाहिले.

"झुंबरराव," सावे म्हणाले, "पोकळी पावसाने केली, हे मान्य करू. उशी कोणी केली?"

गुंजाळांनी टोपी काढली, पुन्हा घातली. नजर मात्र त्या ओट्यावरून हटेना.

प्रांतसाहेबांनी तिथेच जबाब लिहून घेतला आणि सोमवारचा सुरुंग थांबवला. तीन खोल्या वाचल्या त्या कोणाच्या विद्वत्तेने नव्हे, तर एका माणसाच्या दुपारच्या झोपेने, याचा सल सावे यांना जन्मभर राहिला. भिक्षुणीची खोली गेली; तिचे तोंड दक्षिणेकडे होते. तिथे ऊन येई. कारण एवढेच. गुंजाळांच्या जबाबातले शब्द असे:

"मजकूर कंत्राटदाराने आणून दिला, मी सही केली. उन्हाचं वर येऊन मोजमाप कोण घेतो, साहेब? ही खोली तेवढी गार असते. म्हणून मीच त्याला म्हणालो, ही शेवटी फोडा, आधी ती अक्षरांची घ्या."