भोंग्याचा खालचा आवाज

विरोधी पक्षाच्या त्या नेत्याला आता शेंबडं पोरही भोंगा म्हणायचं, आणि हे बारसं झालं होतं तिच्या टेबलावर. ती वृत्तवाहिनीत एडिटर होती. संध्याकाळच्या बातम्यांच्या शेपटाला ‘भोंगा वाजला’ हा तिचा कार्यक्रम लागायचा: नेत्याचं भाषण, मध्ये बेडकाचं डरांव, म्हशीचं हंबरणं, मागून हशा. लोक जेवताना बघायचे आणि ठसका लागेपर्यंत हसायचे.

अख्खं भाषण ऐकत बसायला वेळ कुणाला होता? कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. माणूस ओरडला की तिथं डोंगर उठतो, हळू बोलला की माळरान. ती डोंगर तेवढे कापून घ्यायची आणि माळरान फेकून द्यायची. हात इतका बसला होता की कान न लावताच कार्यक्रम तयार व्हायचा. नेताही असा, की डोंगरांना तोटा नाही. मंत्र्याला कावळा म्हणायचा, टेबलावर चढायचा, काल बोललेलं आज बिनदिक्कत फिरवायचा. कीव यावी असं त्याच्यात काही नव्हतं.

त्या दुपारी भाषण हेडफोनवर सुरूच राहिलं आणि ती फोनवर लेकीचा फोटो बघत बसली. ठकी अजून वर्षाचीही नव्हती. पाळणाघरातल्या मावशींनी तिचा झोपलेला फोटो पाठवला होता. मूठ गालाखाली, ओठ झोपेतही दूध पीत असल्यासारखे. बघता बघता माळरान कानात वाजत गेलं.

“बाजारामागची नवी इमारत,” भोंगा घरात बोलावं तसं बोलत होता. “गच्चीवर मागाहून पाण्याची टाकी चढवली. खालचे खांब तेवढ्या वजनाचे नाहीत. नको म्हणणाऱ्या इंजिनिअरची बदली केली. वरच्या मजल्यावर पाळणाघर आहे.”

ठकी त्याच मजल्यावर झोपली होती.

तिथल्या छताला गेलेला तडा तिनं पाहिला होता. दार घासतं म्हणून मावशींनी दोनदा रंधा मारून घेतला होता, तरी ते खालून उचलूनच लावावं लागायचं. रोज दिसत होतं. नव्या बांधकामात असं व्हायचंच, म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं.

“कोण, भोंगा म्हणाला?” तो हसला. “अगं, उद्या तो म्हणेल सरकारनं सूर्य विकला. मग काय, दिवसा दिवे लावायचे?” आणि त्यानं हुबेहूब तिच्या कार्यक्रमातल्या म्हशीसारखं हंबरून दाखवलं. मांडीवरची ठकी खिदळली. बापाचं हंबरणं तिला फार आवडायचं.

“मी गंमत करत नाहीये.”

“तूच तर करतेस. रोज. पगार घेऊन.”

दुसऱ्या दिवसापासून ठकी शेजारच्या काकूंकडे राहिली. आपलं पिल्लू तर उचललं, बाकीची तिथंच होती. त्यातलं एक, ती ठकीला घ्यायला गेली की, रोज तिच्याकडे हात पसरायचं, कुणाचंही असो, आईच ती. मग तिच्यानं राहवेना. ती पक्षाच्या कचेरीत गेली. नेता मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होता. तिनं फोनवर तो तुकडा ऐकवला.

“हे मी बोललो?” त्याला आठवेना. “कुणा कार्यकर्त्यानं कानात सांगितलं असेल. टाळ्या नाही पडल्या का?”

“नाही.”

“मग सोडलं असणार पुढे.”

“पण खरं आहे का ते?”

“खरंच असेल, ताई. खोटं असतं तर ओरडून बोललो असतो.”

“मग परत बोला. असंच, हळू. आणि त्याच्या मागं लागा.”

“हळू बोललेलं तुम्ही दाखवता?” म्हणत त्यानं गुळणी टाकली.

पण माणूस बोलला. त्याच संध्याकाळी, भर सभेत, नरड्याच्या शिरा ताणून. “मंत्र्यानं टाकीखालचं सिमेंट खाल्लं आणि ढेकरसुद्धा दिला नाही,” म्हणत त्यानं स्वतःच ढेकर देऊन दाखवला. पाळणाघरात पोरं असतील वीसेक, यानं केली दोन हजार. लोक हसून लोळले. खरं बोलायची वेळ आली आणि त्यानं तेही नासवलं.

“आज तर आयतं ताट वाढलंय,” वाहिनीचे साहेब हात चोळत म्हणाले. ढेकराच्या आधी तिनं तो जुना, खालच्या आवाजातला तुकडा जोडला होता. साहेबांनी तो बघितला. “ह्यात हसायचं कुठं?”

“हसायचं नाहीये त्यात.”

“मग बातमीवाल्यांना द्या.”

बातमीवाल्यानं मान वर न करता विचारलं, “भोंग्याचं? ताई, आम्ही बातम्या करतो.”

साहेबांनी तुकडा स्वतःच्या हातानं काढला. ढेकर तीनदा वाजला.

दुसऱ्या दिवशी ती पाळणाघरात गेली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, छताकडे पाहिलं, मग चटयांवर ओळीनं झोपलेल्या पोरांकडे. “मी बंद करून ह्यांना ठेवू कुठं? त्यांच्या आया नको म्हणाल्या, तर आजच कुलूप घालते. तुम्हीच सांगा त्यांना.”

ती कुठं काम करते हे तिथल्या सगळ्या आयांना ठाऊक होतं, पहिली आई आली ती तिला बघून हसतच. “तुम्हीच ना त्या ढेकरवाल्या? आमच्या सासूबाई हसून हसून रडल्या हो काल.”

“ते खरं आहे,” ती म्हणाली. “टाकी, खांब, सगळं. वर तडा बघा. उद्यापासून बाळाला इथं आणू नका, हात जोडते.”

त्या बाईनं वर पाहिलं नाही. ती हिच्याच तोंडाकडे बघत राहिली. मग जिन्यातून वर येणाऱ्या दुसरीला तिनं हाक मारली, “अगं, ये लवकर. ह्या ‘भोंगा’ इथंच करून दाखवतायत. तोंड बघ कसं गंभीर ठेवलंय.”