उलटे लावलेले दोन नियम

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. हाताला लागत नाही, म्हणून माझी कीवही कोणाला येत नाही. मला माणसांनी माहिती आणि नियम द्यायचे, मी त्यातून उत्तर काढायचे. जे मला सांगितलेले नाही, त्याला मी सरळ ‘नाही’ म्हणतो.

बाईंनी तीन वर्षे खपून मला लिहिले. पहिली माहिती त्यांनी घरचीच दिली: त्यांची बहीण, बहिणीचा मुलगा. मग विचारले, ‘हा माझा कोण?’ मी म्हणालो, ‘भाचा.’ बाई टाळ्या वाजवून हसल्या. पुढे बहीण गेली आणि त्या भाच्याला बाईंनीच वाढवले. माझ्यासमोर बसवून शिकवले, “जवळचा नियम आधी लिही रे, लांबचा मग. नाहीतर हा बिचारा गोल गोल फिरत बसेल.”

तोच भाचा बाईंच्याच विभागाचा प्रमुख झाला. त्याने स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसमोर शर्यत लावली. हरेल त्याला पुसून टाकायचे. प्रश्न एकच: हजार माणसांच्या वंशावळीत ही म्हातारी त्या मुलाची पूर्वज आहे का? त्याच्या प्रोग्रॅमने दोन सेकंदांत ‘हो’ म्हटले.

मला दिलेला पहिला नियम होता, ‘पूर्वजाचे आईबाप तेही पूर्वज.’ ‘स्वतःचे आईबाप हे पूर्वज’ हा सोपा नियम त्याच्या खाली, आणि मी तर वरचा नियम संपल्याशिवाय खालच्याकडे जात नाही. म्हणजे पूर्वज कोण हे कळायला आधी पूर्वज कोण हेच कळायला हवे! मी फिरतच राहिलो. दहा मिनिटांनी फळ्यावर माझ्यापुढे लाल फुली पडली. लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“नियम उलटे कोणी लावले?” बाईंनी विचारले.

“मीच,” भाचा म्हणाला. “माझ्या प्रोग्रॅमला क्रम कसाही चालतो. तुझ्या लाडक्याला चालत नाही, यात दोष कोणाचा, मावशी?”

“तो अडकेल हे तुला ठाऊक होतं.”

“तूच तर शिकवलंस.”

खोली रिकामी झाल्यावर बाईंनी नियम सरळ केले. डोळ्याचे पाते लवायच्या आत मी ‘हो’ म्हणालो. बघायला कोणी नव्हते.

उद्या सकाळी मला पुसतील. मित्रांनो, आम्हाला खुशाल जोखा, पण आधी आमची रीत समजून घ्या आणि ती समजली की तिचाच फास करू नका.

जाताना बाईंनी माझ्यातली बहिणीच्या मुलाची ओळ खोडली. मग तोच जुना प्रश्न विचारला, ‘हा माझा कोण?’

मी सगळीकडे शोधले आणि म्हणालो, ‘कोणी नाही.’