परळचा आडवा सरू

मी सरू बोलतोय. कवायतीतल्या शिपायासारखा ताठ सरू तुम्ही बघितला असेल, तो नव्हे. तो माझा लांबचा भाऊबंद, आणि आमचं काही पटत नाही. मी आडवा. जमिनीला पोट लावून पसरायचं, फांदी टेकेल तिथं मूळ धरायचं आणि बारा महिने हिरवं राहायचं, एवढंच माझं काम. एवढं साधं काम, पण माणसांच्या डोक्यात ते शिरता शिरत नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

माझा जन्म परळमधल्या एका गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यात झाला. जन्म कसला, आईची एक फांदी मातीला टेकली, तिला मुळं फुटली, तो मी. साहेब आम्हाला जुनिपर म्हणायचा. बंगल्यापुढच्या उतारावर आम्ही सतरंजीसारखे अंथरलेले. आमच्याखाली रान माजत नसे, माती वाहून जात नसे. मग साहेब विलायतेला गेला. नव्या मालकाला तिथं मोटार उभी करायला जागा पाहिजे होती. कुदळी आल्या. आई गेली. मोटार मात्र झोकात उभी राहिली.

मला वाचवलं फेलिक्सने. हा त्याच गिरणीत फिटर, प्रभादेवीच्या गावठाणातला किरिस्तांव. त्याने मला मुळासकट उचललं, घासलेटच्या डब्यात घातलं आणि घरी नेलं. पण घरात त्याची बायको जर्ट्रूड आणि तिच्या कोंबड्या. कोंबड्या माझी मुळं उकरायच्या. जर्ट्रूड म्हणाली, "ह्याला फूल नाय, फळ नाय, नि टोचतंय तेवढं. बाहेर काढ ह्याला." खरं तेच बोलली बिचारी. तिचा राग मी धरला नाही. कोंबड्यांचा धरला.

गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, फेलिक्सचा एक दोस्त होता, कोंडीराम. परळच्याच चाळीत तळमजल्याच्या कोपऱ्यातली त्याची खोली. खोलीसमोर सुट्या मातीचा उतार होता आणि ती माती सारखी घसरून उंबऱ्याला लागायची. त्याची बायको राधाबाई रोज उठून ती झाडायची. फेलिक्स मला डब्यासकट तिथं घेऊन आला.

"खड्डा खोल नको, कोंड्या. रेती घाल, विटांचे तुकडे घाल. बुडाशी पाणी थांबलं तर मेला हा."

"आणि खत?"

"खत तू खा. ह्याला काय नको."

"वाढला म्हणजे छाटायचा कुठं?"

"टोकाला, हिरवं आहे तिथं. आतलं सुकं लाकूड लागलं की हात आवर. तिथनं परत फुटत नाय तो."

त्या उतारावर मी सुखाने लोळलो. कोंडीराम पाळी संपवून आला की खोलीत जायच्या आधी माझ्यापाशी बसायचा. विडी ओढायचा, नवी फांदी पुढे आली असली तर तिच्यावर दगड ठेवून ती मातीला चिकटवायचा. त्याच्या केसांतला कापूस माझ्या काट्यांत अडकायचा. मला तो आवडायचा. त्याला सांगितलं नाही कधी. सांगणार तरी कसं?

जाणारे-येणारे टोमणे मारायचे. "कोंडीराम, तुझं झाड पडलं रे!"

"पडलं नाही. पाळी करून आलंय."

उंबऱ्यावर माती यायची थांबली, तेव्हा टोमणे कमी झाले. राधाबाईने मात्र तोवर मला कधी हात लावला नव्हता. नवऱ्याचं खूळ, म्हणायची.

मग ते छप्पन साल आलं. चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी मुंबई आणि संयुक्त महाराष्ट्र. पोरंटोरं भांडताना सुद्धा "झालाच पाहिजे" म्हणून ओरडायची. दसऱ्याला कोंडीराम नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला. घरातले देव बोळवले. फळी रिकामी झाली, भिंतीवर धुराचा काळा डाग तेवढा राहिला. आणि नंतर थोड्याच दिवसांत तो सत्याग्रहाच्या तुकडीत गेला. निघताना राधाबाईला म्हणाला, "मी येईपर्यंत ह्याला हिरवा ठेव."

सहज बोलून गेला तो. पण बाई त्यात अडकली.

त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. दुपारी चाळ थंडावली की राधाबाई माझ्यापाशी येऊन बसायची. फळीवर कुणी उरलं नव्हतं, मग बोलणार कुणाशी? माझ्याशी बोलायची. "तू हिरवा आहेस ना? म्हणजे हेही धड असतील." धम्म घेतल्यावर असलं काही मानायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून हळू बोलायची. मी काय तिच्या नवऱ्याची नाडी धरून बसलो होतो? पण हिरवा राहिलो. तिच्यासाठी जरा जास्तच हिरवा राहिलो, म्हणा.

आता नानाचं सांगतो. नाना चाळीचा पुढारी. माणूस वाईट नव्हे, फक्त आवाज मोठा आणि ऐकून घेणं थोडं. निवडणुकीची सभा चाळीत ठरली. नाना कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, पाहुणे चाळीत शिरले की पहिलं दिसणार काय? हे लोळलेलं झाड! सत्याग्रहीचं झाड ना हे? मग उभं नको?"

"ते तसंच असतं म्हणाले होते, नाना."

"अहो, आधार नाही म्हणून लोळतंय! कोंडीराम सुटून येईल आणि बघेल, आपलं झाड छाती काढून उभं आहे. कसं वाटेल त्याला?"

 राधाबाईच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं असणार. म्हणाली, "बघा तुम्हाला कसं बरं वाटतं ते."

चार हातांनी मला उचललं. फांद्यांखालची मुळं तटातट तुटली. सुतळीने मला बांबूला आवळलं आणि बांबूच्या टोकाला झेंडा लावला. सभेला टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणाले, वा! माझी पोटाकडची बाजू कधी उन्हाने बघितली नव्हती, ती जगासमोर उघडी पडली. जन्मात एवढी लाज वाटली नाही मला.

सभा झाली, निवडणूक झाली, बांबू तसाच. मी आधी फिका पडलो, मग तांबूस. उघड्या उतारावरची माती पुन्हा उंबऱ्याला लागली. राधाबाई घाबरली आणि पाणी ओतायला लागली. वरच्या मजल्यावरची चंपा सांगायची, "राधे, अजून घाल गं, तहानलंय ते." बुडाशी चिखल झाला.  त्यातच तुरुंगातून सुटलेला एक जण निरोप घेऊन आला, "कोंडीराम तापाने झोपून आहे. बसवतही नाही त्याला."

तिने निरोप्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

रविवारी चर्चमध्ये मिसा ऐकून फेलिक्स आला, अंगात कोट. मला बघितलं आणि वाटेतच थांबला. "राधाबाय! ह्याला फाशी कुणी दिली गो?"

ती रडायला लागली. "मीच हो म्हटलं. आता हे जातंय, फेलिक्सभाऊ. म्हणजे तेही…"

"येडी काय तू? कोंड्याला ताप मच्छरांनी आला असंल. ह्याला ताप आणला तो तुम्ही. ह्याला सोडव, पाणी बंद कर, बाकी मी बघतो."

ती आत गेली आणि कोयता घेऊन आली. ओरडा ऐकून नाना धावत आला. "वहिनी, अहो काय करता? झेंडा आहे वर!"

"झेंडा तुम्ही धरा, नाना. झाडाच्या गळ्यात कशाला?"

"पडेल ते!"

"पडू दे. उभं राहून मरण्यापेक्षा पडून जगू दे."

सुतळी तुटली. खरं सांगतो, नानाने झेंडा काढून छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने माझं एक टोक अलगद खाली ठेवलं.  फेलिक्सने कोट काढला, चिखल उपसला, रेती भरली, जिवंत फांद्यांवर दगड ठेवले. अर्धा मी गेलो होतो. राधाबाईने सुकलेलं काढायला हात घातला तेव्हा फेलिक्स म्हणाला, "तिथं परत फुटायचं नाय, टक्कल दिसंल. दिसू दे."

उन्हाळा सरत आला तेव्हा कोंडीराम सुटला. चाळीच्या तोंडाशी ढोल, हार, नानाचं भाषण. राधाबाई पुढे गेलीच नाही. माझ्या टकलाच्या पुढ्यात पदर पसरून उभी राहिली. सगळं झाकलं जाईल असं तिला वाटलं असावं.

तो आला. चेहरा ओळखू येईना एवढा वाळलेला. तिला हाताने बाजूला केलं, माझ्याकडे बघितलं, टक्कल बघितलं, टोकांना आलेली कोवळी हिरवी फूट बघितली.  खाली बसला, मग हळूच आडवा झाला, तिथंच, मातीत, डोकं माझ्या फांदीपाशी ठेवून.

नाना गडबडला. "अरे कोंडीराम, ऊठ! अजून हार घालायचेत. लोक बघतायत."

राधाबाई नानासमोर उभी राहिली. "पडू द्या त्यांना," ती म्हणाली. "दमलेत."

ढोल थांबला. चंपा वरून उशी घेऊन आली.

त्याला तीन वर्षं झाली, आणि परवाच्या एक मेला महाराष्ट्र राज्य झालं. चाळीत दिवे लागले, पेढे वाटले, नाना पोरासारखा नाचला. मी आहे तिथंच आहे. मधलं टक्कल भरलं नाही, भरणारही नाही, पण कडेने मी नळापर्यंत सरकलोय. तुमच्याकडे उतार असला तर एखादी मूळ धरलेली फांदी न्या माझी. रेती घाला, पाणी बेताने घाला, आणि बांबू आणू नका म्हणजे झालं.

आता उठा बघू. कोंडीरामची पाळी सुटली असेल. त्याला टेकायला जागा लागते, आणि तुम्ही नेमके तिथंच बसलाय.