सुमित्राचा डबा, आवृत्ती १.०

आवृत्ती ०.१

नवीन काय: सगळंच.

कादंबरी सबनीसने हे सॉफ्टवेअर २०१४च्या मे महिन्यात लिहायला घेतलं. दिल्लीतल्या द्वारकेच्या सेक्टर बारामधल्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाच्या ज्या टोकाला कोणी जेवत नाही, त्या टोकाला बसून. नाव ठेवलं 'फडताळ', म्हणजे भिंतीतलं कपाट. तिच्या दिल्लीत वाढलेल्या मराठी मित्रमैत्रिणींपैकी एकालाही हा शब्द माहीत नव्हता. जगात इतर कोणालाही माहीत नव्हता. त्यामुळे नाव मोकळं होतं.

फडताळ काय करतं? एखादा प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात भरतं. तो डबा कुठल्याही कॉम्प्युटरवर न्यावा, उघडावा, आतलं तसंच्या तसं चालतं. डबे भरणं, चालवणं, हलवणं, मोडीत काढणं, हे सगळं फडताळाकडे. फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं. कोणीही दोष कळवावा, कोणीही दुरुस्ती पाठवावी.

माहीत असलेले दोष: चालत नाही.


आवृत्ती ०.८

नवीन काय: चालतं. शिवाय ओट्सो.

ओट्सो हा फिनलंडचा माणूस. कादंबरीने त्याला कधी पाहिलेलं नाही. फोटोच्या जागी त्याने एक बेडूक लावलाय. पण दोन वर्षं तो रोज फडताळात काहीतरी दुरुस्त करतोय, आणि आता तिच्याखालोखाल त्याचाच शब्द चालतो. ओट्सो इंग्रजीत लिहितो, अतिशय थोडं. इथे मराठीत देतोय, तेवढंच थोडं.

ओट्सो: डबा एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. तिथे सामान काढून घेतात. डबा रिकामा परत येतो. पण वाटेत सामान सांडलं तरी रिकामाच येतो. फरक कळत नाही.

कादंबरी: विचार करते.

(विचार स्वयंपाकघरात झाला. ऑक्टोबर २०१७.)

"म्हणजे डबा तिकडे जातो, ते लोक सामान काढून घेतात आणि डबा परत येतो?" कादंबरीच्या आईने, अलकनंदाबाईंनी विचारलं.

"हो."

"काय घालून?"

"काही नाही. रिकामा."

आईची पोळी तव्यावर फुगली, फुटली आणि करपायला लागली. "रिकामा?"

"आई, सर्व्हर आहेत ते."

"सर्व्हर असोत नाहीतर व्याही असोत. रिकामा डबा परत करतात का कधी? चिमूटभर साखर तरी घालावी माणसाने."

कादंबरी हसली. मग हसायची थांबली. मग टेबलाच्या त्या टोकाला गेली.


आवृत्ती ०.९

नवीन काय: साखर.

नियम असा:

डबा आला. आत काही आहे का बघ.
असेल तर काढून घे.
साखर घाल.
परत पाठव.

साखर म्हणजे एक इवलीशी फाइल. तिचं नावच 'साखर'. डबा साखरेसकट परत आला की समजायचं, सामान पोचलं. अगदीच रिकामा आला की समजायचं, वाटेत सांडलं. कादंबरीने हे जुन्या मशीनकडून नव्या मशीनकडे डबा पाठवून तपासलं. नियम फक्त नव्या मशीनवर घातलेला होता. उत्तम चाललं.

ओट्सो: का चालतं ते कळलं. 'साखर' का ते कळलं नाही. पण चालतं.

लोकांना साखर इतकी आवडली की ०.९.१ मध्ये कादंबरीने आणखी एक सोय दिली: साखरेऐवजी आपल्याला हवं ते घाला. कोणी हिशोबाचा गोषवारा घालू लागलं, कोणी मांजराचा फोटो.

ही ०.९.१ घाईत झाली.


मधेच: सुमित्राचा डबा

हा खरा डबा. स्टीलचा, गोल, कडीचं झाकण. तळाशी कोरलेलं: सुमित्रा.

समोरच्या फ्लॅटमध्ये अहलुवालिया आंटी राहतात. सोसायटीची लॉटरी निघाली तेव्हा दोन्ही घरांना एकाच मजल्यावर समोरासमोरचे फ्लॅट लागले. नऊ वर्षांपूर्वी हा डबा पहिल्यांदा कोणाच्या घरातून कोणाच्या घरात गेला, ते आता आईला आणि आंटींना, दोघींनाही आठवत नाही. सबनीसांच्यात कोणी सुमित्रा नाही. आई म्हणते, त्यांचा आहे. अहलुवालियांच्यातही कोणी सुमित्रा नाही. आंटी म्हणतात, आपका है जी. दुसऱ्याचा डबा ठेवून घेता येत नाही. दुसऱ्याचा डबा रिकामा देता येत नाही.

म्हणून: करंज्या गेल्या. राजमा आला. साबुदाण्याची खिचडी गेली. पिन्नी आली. भरली वांगी गेली. सरसों का साग आला. पुरणपोळी गेली. कढी आली. करंज्या गेल्या. राजमा आला. साबुदाण्याची खिचडी गेली. पिन्नी आली. भरली वांगी गेली. सरसों का


आवृत्ती ०.९.१, तक्रार क्र. २२१८

ब्राझीलहून, बुधवार, १० जानेवारी २०१८:

आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत. दोन्हींवर तुमची नवी आवृत्ती चढवली. सोमवारपासून ते एकमेकांना डबे पाठवतायत. पहिला सामान पाठवतो. दुसरा काढून घेतो आणि मांजराचा फोटो घालून परत करतो. पहिल्याला वाटतं सामान आलं. तो फोटो काढून घेतो आणि मांजराचा फोटो घालून परत करतो. आत्तापर्यंत एकेचाळीस लाख मांजरं झाली आहेत. जागा संपली. कृपया मदत करा. मांजर गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

खाली गुरुवारपर्यंत आणखी साठ तक्रारी. आता नियम दोन्ही बाजूंना होता, आणि सामान कोणतं, परतभेट कोणती, हे ओळखायची सोय ०.९.१ ने घालवली होती.

ओट्सो: साखर काढून टाक.

कादंबरी: काढली तर सांडलं की पोचलं ते कळणार नाही. लोकांचं सामान हरवेल.

ओट्सो: मग दुसरा उपाय दे. रविवारी माझ्या सकाळी साडेआठपर्यंत. नाहीतर आम्ही अकरा जण कोड घेऊन वेगळे होतो. नवीन नाव ठरलंय. 'काप्पी'.

कादंबरीने शोधून बघितलं. काप्पी म्हणजे फिनिशमध्ये फडताळच.

अकरा जण. नियमित काम करणारे एकूण चौदाच होते, आणि उरलेल्या तिघांमध्ये एक ती स्वतः. कोड खुला, त्यामुळे तो उचलून नेण्यात काही चूक नव्हती, आणि म्हणूनच भांडताही येत नव्हतं. साडेतीन वर्षं टेबलाच्या त्या टोकाला बसून केलेलं काम रविवारी दुपारी बारा वाजता, ओट्सोचे साडेआठ म्हणजे आपले बारा, दुसऱ्याच्या नावाने चालू लागणार होतं.


शनिवार, आवृत्ती नाही

तिने सहा उपाय लिहिले.

साखरेवर खूण करायची. (जुन्या आवृत्त्यांना खूण वाचता येत नाही.)

तीन फेऱ्यांनंतर थांबायचं. (तिसऱ्या फेरीत खरंच सामान असलं तर?)

बाकीचे चार सांगण्यासारखे नाहीत. एक तर तिने उघडपणे रडत लिहिला होता.

संध्याकाळी बेल वाजली. लोहडी होती, संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा पंजाबी सण. आंटींनी सुमित्राचा डबा आणला, गजक आणि रेवडीने भरलेला.

"बेटा, इतना सा मुँह क्यों?"

"आंटी, दो मशीनें हैं, एक दूसरे को डिब्बा लौटाती रहती हैं. रुकती ही नहीं."

"तो? अच्छा है ना," आंटी म्हणाल्या. "प्यार है."


रविवार, सकाळी सहा पन्नास

द्वारकेच्या मराठी मंडळाची बस सोसायटीच्या गेटवर उभी होती. दर चौदा जानेवारीला ती पानिपतला जाते, काला अंबला, १७६१च्या लढाईच्या स्मारकाला. कादंबरीचे बाबा, उल्हासराव, सेंट्रल गव्हर्नमेंटातून निवृत्त झाल्यापासून या सहलीचे प्रमुख आहेत. त्यांच्याकडे यादी असते आणि शिट्टी असते.

"मी नाही येत," कादंबरी म्हणाली.

"यादीत नाव आहे," बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

तिने लॅपटॉप घेतला, इंटरनेटचं डोंगल घेतलं. आई सुमित्राच्या डब्यात गुळपोळ्या भरत होती. लोहडीला आलेला डबा संक्रांतीला परत जायलाच हवा. शिवाय बसमधल्या सत्तावीस माणसांसाठी तिळगूळ न्यायचा होता, तो अजून परातीतच होता, आणि घरातला दुसरा प्रत्येक डबा फ्रिजमध्ये कशाने तरी भरलेला.

"अगं, हा डबा त्यांना दिला तर तिळगूळ कशात नेऊ?"

खालून शिट्टी.

आई डबा घेऊन समोरच्या दारात गेली. आंटींनी दार उघडलं, डबा बघितला आणि हात पुढे केले. "अरे वाह! रुको जी, मैं अभी भर के देती हूँ. हलवा बस चढ़ा ही है."

"हलवा चढ़ा है मतलब?"

"आधा घंटा."

खालून दोन शिट्ट्या. मग बसचा भोंगा.

अलकनंदाबाईंनी नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. डबा सोडलाच नाही. दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"नहीं नहीं, डिब्बा मुझे अभी चाहिए. आप इसी में से निकाल लो. मैं पकड़ के खड़ी हूँ."

आंटी गोंधळल्या. आत जाऊन ताट आणलं. एकेक पोळी उचलून ताटात ठेवली. आठ पोळ्या. शेवटी डब्यात तुपाचा ओलसर गोल उरला.

दोघी त्या गोलाकडे बघत राहिल्या. डबा रिकामा होता. पण परत केलेला नव्हता. तो हातातून सुटलाच नव्हता, मग परत कसला करायचा? आणि पोळ्या मिळाल्या की नाही, हे विचारायचीही गरज नव्हती. समोरच काढल्या होत्या.

"बस?" आंटींनी विचारलं.

"बस," आई म्हणाली. नऊ वर्षं स्वयंपाक करून थकलेल्या दोन बायका थोड्या ओशाळल्या.

जिन्यात लॅपटॉप छातीशी धरून उभी असलेली कादंबरी म्हणाली, "आई, तू आत्ता काय केलंस, परत सांग."

"काय केलं? डबा सोडला नाही. चल, ते शिट्टी गिळतील."


आवृत्ती १.० (बसमध्ये)

नवीन नियम:

डबा घेऊन जा.
दारात उभा राहा. सोडू नको.
ते सामान काढून घेतील. बघ.
डबा घेऊन घरी ये.

मुरथलला बस पराठ्यांसाठी थांबली. कादंबरी उतरली नाही. तिने दुरुस्ती पाठवली. बेडूक जागाच होता.

ओट्सो: म्हणजे परत पाठवणं नाहीच.

कादंबरी: नाहीच. जाणाऱ्याने थांबायचं.

ओट्सो: आणि समोरच्याने दार उघडलंच नाही तर?

कादंबरीने मान मागे वळवली. "आई, आंटींनी दारच उघडलं नसतं तर?"

"तीनदा बेल वाजवायची. मग घरी. कोणाच्या दारात किती वेळ उभं राहणार माणूस?"

कादंबरी: तीन वेळा. मग परत.

ओट्सो: अर्धंच काढून घेतलं तर?

"आई, त्यांनी चारच पोळ्या घेतल्या असत्या तर?"

"तर उरलेल्या आपल्या. ही काय परीक्षा चाललीय माझी?"

कादंबरी: उरलेलं डब्यातच राहील. परत येईल.

ओट्सो: आणि ज्यांना खरंच काही द्यायचंय? मांजरवाले?

याचं उत्तर तिने आईला विचारलं नाही. तिला ते आलं.

कादंबरी: द्यायचं असेल त्यांनी आपल्या डब्यातून द्यावं.

मग ओट्सो बराच वेळ तपासत होता. बस पानिपतात शिरली, चादरींच्या दुकानांवरून गेली, काला अंबला थांबली. साडेअकरा वाजले होते. मंडळाचे लोक स्मारकापाशी गोळा झाले, कोणीतरी नारळ काढला. डोंगलचा हिरवा दिवा लाल झाला.

कादंबरी लॅपटॉप डोक्यावर धरून मैदानात चालू लागली. डावीकडे. उजवीकडे. बाबा मागे धावले.

"अगं, इथे लोक नमस्कार करतायत! काय शोधतेयस?"

"नेट, बाबा. पाठवलेलं पोचलं का ते कळत नाहीये."

उल्हासराव एकदम गंभीर झाले. इथे दर वर्षी ते याच मुद्द्यावर भाषण करतात. "रसद पोचली की नाही, ते कळत नाहीये?"

"हो!"

त्यांनी शिट्टी वाजवली. "मंडळी! ज्यांच्या फोनला रेंज आहे त्यांनी हात वर करा!"

नारळ धरलेल्या हातासकट चार हात वर आले. कादंबरी नारळवाल्यांच्या फोनला जोडली गेली. ते हलले की नेट जायचं, म्हणून त्यांना नारळ फोडू दिला नाही. सत्तावीस माणसं डोकी झाकून, हात जोडून, न फुटलेल्या नारळाकडे बघत उभी राहिली. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, फारच मोठी श्रद्धांजली आहे.

अकरा बावन्न.

ओट्सो: माझ्या दोन्ही मशीन गप्प आहेत. छान वाटतंय. मंजूर. अकरा जण इथेच आहेत.

आणि मिनिटभराने:

ओट्सो: काप्पी हे नाव मी तसंही फार विचार करून ठेवलं नव्हतं.

कादंबरीने बटण दाबलं. फडताळ १.० बाहेर पडलं.

"पोचलं?" बाबांनी विचारलं.

"पोचलं."

"फोडा," ते म्हणाले, आणि नारळ फुटला. आईने सुमित्राच्या डब्यातून सगळ्यांना तिळगूळ वाटला. एकेकाने हात घालून घेतला. डबा तिने सोडला नाही.


माहीत असलेले दोष

संध्याकाळी परत आले तेव्हा दाराच्या कडीला पिशवी लटकत होती. पिशवीत डबा. डब्यात गाजराचा हलवा, पुन्हा गरम करून भरलेला, अजून कोमट. हा डबा यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. बाबांनी तो उचलून तळ वाचला.

कोरलेलं होतं: लतिका.

"आपल्यात कोणी लतिका?"

"नाही हो. त्यांचाच असेल," आई म्हणाली.

"त्यांच्यात तरी कोणी लतिका आहे?" कादंबरीने विचारलं.

आईने हलवा पातेल्यात काढला, डबा घासून पालथा घातला, आणि सकाळच्या आंबोळ्यांसाठी तांदूळ भिजत टाकले. नेहमीपेक्षा दोन वाट्या जास्त.