मेंढरू कोणाच्या डोक्यावर

कारखान्यातल्या सगळ्यांच्या डोक्यावर मेंढरू बसून झालं होतं. राहिल्या होत्या फक्त ताई. आपल्या डोक्यावर ते कधी बसणारही नाही, असं त्या ज्याला त्याला ऐकवत असत.

मेंढरू म्हणजे एक विग. ताईंचा धंदाच विगांचा. नाटकवाल्यांसाठी, आणि आजारपणात ज्यांचे केस गेले त्यांच्यासाठी. कुठल्याशा नाटकातल्या राजासाठी एक तांबडा, कुरळा, एका अंगाला फुगलेला विग तयार झाला आणि राजाने तो घालायला साफ नकार दिला. तेव्हापासून तो कपाटावर धूळ खात पडला होता. त्याला कामाला लावलं ते ताईंच्या धाकट्या भावाने.

धाकटा कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. शेजारच्या छापखान्यात कोणीतरी एक ईमेल उघडला, सगळं काम कुलूपबंद झालं आणि चोरांनी खंडणी मागितली, तेव्हापासून याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो स्वतःच खोटे ईमेल रचून सगळ्यांना पाठवायचा. 'तुमचं खातं बंद होत आहे.' 'तुम्हाला बक्षीस लागलं आहे.' जो फसेल त्याच्या पडद्यावर सापळ्यातला उंदीर यायचा, आणि त्याने दिवसभर मेंढरू घालून काम करायचं. केस गुंफणाऱ्या मावशी दोनदा सापडल्या. हिशेबनीस तर इतक्यांदा सापडले, की त्यांना मेंढराशिवाय पाहिलं की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

शिवाय रोज संध्याकाळी धाकटा सगळ्या कामाची नक्कल एका डबीएवढ्या डिस्कवर उतरवायचा, वायर काढायचा आणि डिस्क कपाटात कुलपात ठेवायचा. ताई म्हणायच्या, "थंडी वाजेल रे तिला, पांघरूण घाल."

त्या दिवशी सकाळी ताई केसांच्या पार्सलची वाट बघत होत्या. ईमेल आला: पार्सल अडकलं आहे, सोबतचा कागद उघडा. ताईंनी उघडला. पडदा क्षणभर काळा झाला, परत उजळला, आणि कागद काही दिसेना. ताईंच्या लगेच लक्षात आलं, हा धाकट्याचाच चावटपणा! उंदीर मात्र आला नाही. कार्टं हुशार झालंय, त्या मनात म्हणाल्या, आता गुपचूप पकडतंय. त्यांनी खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग आणलं आणि मूग गिळून बसल्या.

चहा झाला तरी धाकटा काही बोलेना. ताईंना राहवेना. त्या त्याच्या टेबलाशी गेल्या आणि आवाजात जमेल तेवढा मध घोळून म्हणाल्या, "काय रे, आज कोण सापडलं?"

"आज कोणी नाही. बाई येणारेत ना दुपारी, तुझ्या कामात मधेच कटकट नको. आज सापळ्यांना सुट्टी."

म्हणजे सकाळचा तो ईमेल खऱ्या चोरांचा होता. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. औषधांनी त्यांचे सगळे केस गेले होते आणि ते शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. मापाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचे उघड्या डोक्याचे फोटो होते. फोटो काढताना बाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि ताईंनी त्यांना शब्द दिला होता, की हे या भिंतींबाहेर जाणार नाहीत.

मनात एक पळवाटही आली, खोटं कशाला बोला. हिशेबनीस होतेच की. त्यांचं नाव घेतलं असतं तर कोणी भुवईसुद्धा उंचावली नसती, त्यांनी स्वतःही कबूल करून टाकलं असतं. पण मिटलेले ते डोळे काही केल्या नजरेसमोरून हलेनात.

ताई उलट्या पावली वळल्या. बोळातल्या लाकडी डोक्यावरून त्यांनी मेंढरू उचललं, स्वतःच्या अंबाड्यावर चढवलं आणि कारखान्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

कोणी हसलं नाही. मावशींच्या हातातली सुई तशीच राहिली. धाकट्याने एकदाच वर पाहिलं आणि टेबलाखाली सूर मारून हाताला लागेल ती वायर उपटत सुटला. मापाच्या खोलीतली त्याने सगळ्यात आधी उपटली.

"कधी झालं?" धुळीने माखून तो बाहेर आला.

"चहाच्या आधी."

"आणि आत्ता सांगतेस?"

"तुझंच कारस्थान वाटलं मला! आणि हे..." ताईंनी डोक्याकडे बोट केलं. "हे घालायची लाज वाटली, बाबा."

धाकट्याचा चेहरा पडला. इतके दिवस ज्या युक्तीवर तो खूश होता, तिनेच आज घात केला होता. "म्हणजे चूक माझी," तो म्हणाला. "ठरलं तर. यापुढे जो आपणहून मेंढरू घालून येईल, त्याला दुपारनंतर सुट्टी."

"मग मी आत्ताच घालतो," हिशेबनीस म्हणाले. मावशींनी त्यांना दटावलं.

ताईंचा कॉम्प्युटर गेला तो गेलाच. पडद्यावर लाल पाटी, पैशांची मागणी, वर धमकी. धाकटा मापाच्या खोलीतला कॉम्प्युटर बराच वेळ खाली मान घालून तपासत बसला. शेवटी त्याने मान वर केली. चोर तिथवर पोचलेच नव्हते, फोटो सुखरूप होते. ताईंचं बाकीचं काम कपाटातल्या डिस्कवर होतं. तिला पांघरूण घालण्याबद्दल ताई परत कधी बोलल्या नाहीत.

या धांदलीत दार वाजलं आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बाई आत आल्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"ताई," त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "माझापण असाच निघालाय का हो?"

मेंढरू डोक्यावरच राहिल्याचं ताईंना तेव्हा कळलं. त्यांनी बाईंना मापाच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि काहीएक न लपवता सगळं सांगून टाकलं. शेवटी त्यांनी मेंढरू काढायला हात वर नेला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच रुमाल सोडला आणि आरशासमोरच्या खुर्चीवर बसल्या. "आरशात मी एकटी नको दिसायला."

दोघी आरशात बघत राहिल्या, आणि आधी हसल्या त्या बाई.