डायरेक्ट

आकारामतात्याला नदीनं नेलं, असं गावात सगळे म्हणतात. पोलिसांच्या पंचनाम्यातही तेच लिहिलंय. खोटं आहे ते. त्याला मी मारलं, वीतभर वायरीनं.

माझं उद्यमनगरात दुकान आहे. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. आपल्याकडं स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला, म्हणजे मोटर वाचवायला आपोआप बंद पडायला लागला, की का होतोय हे कोणी बघत नाही. मध्ये वायरीचा तुकडा टाकायचा, डायरेक्ट करायचं, उसाला पाणी सुरू. मोटर जळली तर जळू दे. असे शेकडो स्टार्टर मी डायरेक्ट केलेत, आणि मोटारी जळल्यावर दुरुस्तीला माझ्याकडंच आल्यात. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

तात्याच्या गावाला बोट मिळाली ती मागच्या महापुरानंतर. देणाऱ्यानं आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलं की बोट कमी आणि बोर्ड जास्त. फोटो झाले, हार झाले. बोट चालवणार कोण, हे विचारायचं मात्र राहिलं. चालवली शेवटी तात्यानं आणि त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं. पुरात अडकलेल्या घराच्या वरच्या अंगाला नांगर टाकायचा, दोर सोडत सोडत बोट प्रवाहाबरोबर छपराला लावायची, माणसं घ्यायची, आणि दोर ओढत परत वर यायचं. तात्या मागं इंजिनावर, धोंडुबाई पुढं दोरावर. पदर खोचून ती बाई नांगर ओढायची, आणि गावातले जिमवाले गडी पुलावरून व्हिडिओ काढायचे.

मग तिचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. पुढं बसायला दुसरं कोणी तयार होईना. तात्या गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेला आणि एका जुन्या बोटीवरचं विजेचं मशीन घेऊन आला. बटण दाबलं की साखळी गुंडाळत नांगर वर घेणारं. पाऊस तोंडावर आला होता. ते पोत्यात बांधून तो माझ्याकडं आला.

"वायरमन, एवढं बसवून दे. एकटा मानूस बोट चालवू शकंल असं कर."

मी नदीवर गेलो तोवर पाऊस लागला होता. बोटीच्या नाकावर भोकं पाडली, खालून सागवानाची फळी देऊन बोल्ट आवळले. धोंडुबाई घाटाच्या पायरीवर बसून बघत होती.

"माझ्या जाग्यावर मिशन आनलं बघा. उद्या भाकरीबी मिशनच थापंल."

"थापू दे की," तात्या म्हणाला. "मिशन उलटं बोलत न्हाय."

"उलटं बोलाय कुनीतरी लागतंयच तुमास्नी."

हसलो तिघंही.

हे मशीन बॅटरीतनं भसाभस करंट ओढतं. बॅटरी जितकी लांब, तितकी वायर जाड लागते. खरं तर बॅटरी आणि ब्रेकर मागं तात्याच्या हाताशी पाहिजे होते, आणि तिथनं पुढंपर्यंत अंगठ्याएवढी जाड वायर. तेवढी वायर माझ्याकडं नव्हती. म्हणून बॅटरी आणि ब्रेकर दोन्ही पुढं नाकाशी बसवले, आणि तात्याकडं बारीक वायरीवर नुसतं बटण दिलं. बटण रिलेला सांगणार, रिले मशीनला करंट देणार. ब्रेकर कशाला, तर नांगर अडकला आणि मशीनला झेपेना, की त्यानं करंट तोडायचा.

ट्रायलला नांगर गाळात रुतला आणि ब्रेकर पडला. काम बरोबर केलं त्यानं. तात्या इंजिन सोडून बाकांवरून रांगत पुढं गेला, खटका वर केला, परत आला. तेवढ्यात बोट आडवी. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा तो भडकलाच.

"इंजिन मागं, खटका म्होरं! मी काय माकड हाय व्हय? पुरात असा रांगत गेलो तर बोट जाऊन आपटंल की पुलावर!"

बरोबर होतं त्याचं. मी म्हणालो, "बॅटरी मागं घेऊ. वायर आणतो उद्या."

"उद्या? पानी बघ किती चढलंय. डायरेक्ट कर."

"तात्या, हे डायरेक्ट करायचं नसतंय."

"माझ्या मळ्यातला स्टार्टर कुनी केलाय डायरेक्ट? तूच न्हवं? चार वर्सं झाली, काय झालंय त्याला?"

मीच केला होता तो. आणि खरं सांगतो, दुकानात तीन मोटारी पडून होत्या, मलाही निघायचं होतं. ब्रेकरच्या दोन टोकांना वीतभर वायर आवळली. "पाऊस संपला की काढू," म्हणालो. नांगर सपकन वर आला. तात्यानं माझ्या पाठीत धपका मारला.

आठव्या दिवशी गावात पाणी शिरलं. तात्यानं दोन खेपांत अकरा माणसं काढली. तिसऱ्या खेपेला छपरावर चौघं होती. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. बोट छपरापर्यंत आलीच नाही. नांगर घसरला म्हणून तात्या तो उचलून परत टाकायला लागला, तर साखळी तटकन ताणली गेली. काठावरचे पंप सगळ्यांनी काढून नेले होते, पण लोखंडी पाइप तसेच पाण्याखाली होते. त्यात नांगर अडकला असणार. मशीन ओढत राहिलं, नांगर येईना, म्हणून बोटीचं नाक खाली जायला लागलं. तात्यानं बटण टाकून दिलं. दोन्ही हात वर करून ओरडत होता, म्हणे. छपरावरच्यांना वाटलं, आपल्यालाच बोलावतोय. मग नाकातनं पाणी आत आलं.

पाणी उतरल्यावर तात्या सापडला दोन मैलांवर, उसात. बोट पाइपांपाशीच होती. पोलीस यायच्या आधी मी रिले उघडून बघितला. आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते, म्हणजे बटण सोडलं तरी करंट चालूच. ब्रेकर असता तर खटकन पडला असता. तिथं माझी वायर होती.

फौजदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुरात बोटी उलटतातच. तू कशाला मधी पडतोयस?" सरपंच म्हणाला, "गप बस. बोट देणाऱ्याचं नाव खराब हुईल."

नाव! माणूस गेला आणि ह्यांना बोटीवरच्या रंगाची काळजी.

रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी धोंडुबाईकडं गेलो. ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. खांद्याला पट्टा तसाच. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती. "माझा खांदा गेला म्हनून त्यांनी मिशन आनलं. माझ्यामुळं गेले."

बायका उठून गेल्यावर मी म्हणालो, "काकी, तुमच्यामुळं नाही. माझ्यामुळं." वायर, ब्रेकर, रिले, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्याजवळ इळा असायचा. नांगर अडकला की मी दोर तोडायची. ते वराडायचे, नांगर घालवलास म्हनून. मी म्हनायची, जाऊ दे मसनात. साखळीला इळा काय करनार? मी आसते तर दोर असता."

"काकी, मी ती वायर..."

"ऐकलं की मी."

मी तिच्यावरचं ओझं उचलायला गेलो होतो. तसूभरही हललं नाही ते.

मग तिनं विचारलं, "बटन सोडल्यावरबी ते वडतच हुतं?"

"व्हय."

"म्हंजे त्यास्नी कळलं आसंल."

"काय?"

"मिशन ऐकत न्हाय म्हनून." ती माझ्याकडं बघत होती. "किती येळ लागला आसंल रं बुडायला?"

मला माहीत होतं. छपरावरच्या चौघांनी सांगितलं होतं. मी मान खाली घातली, आणि ती उत्तराची वाट बघत बसून राहिली.