मालकाची आई

घाडींच्या घराण्यात आजवर मालक कोणी झालंच नव्हतं. हितेंद्रचा आजा गिरणीत लागला तेव्हा त्यानं लालबागच्या चाळीत भाड्यानं खोली घेतली. त्याच खोलीत वडील म्हातारे होऊन गेले, आणि परळच्या ऑफिसात हेडक्लार्क झाल्यावरही हितेंद्र त्याच खोलीचा भाडेकरू राहिला. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर त्यानं कुडाळला फ्लॅट घेऊन भाड्यानं दिला, तेव्हा गड्याची चालच बदलली. सकाळी संडासाच्या रांगेतसुद्धा तो जरा मान वर करून उभा राहू लागला.

फ्लॅट त्यानं अजून पाहिला नव्हता. कोणी डोळे मोठे केले की तो म्हणे, "आता कोण जातं रे बघायला? सगळं रिमोट असतं." खोल्या त्यानं व्हिडिओवर पाहिल्या, खिडकीतला नारळही व्हिडिओवरच पाहिला, आणि नोंदणीसाठी गावच्या चुलतभावाला मुखत्यारपत्र देऊन टाकलं. नळ उलटा फिरतो की सुलटा हेही ज्याला ठाऊक नाही, तो त्या घराबद्दल इतक्या मायेनं बोले की ऐकणाऱ्यानं गप्प बसणंच बरं.

हे सगळं जुळवून आणलं ते 'कुडाळ प्रॉपर्टी कट्टा' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं. कुडाळात ज्यांची घरं भाड्यानं दिलेली आहेत अशी तिथलीच मंडळी त्यात होती, आणि त्यांचा म्होरक्या होता हार्डवेअरचं दुकान चालवणारा रामदास. प्लंबर त्याचा, रंगारी त्याचा, भाडेकरू आणून देणारा एजंटही त्याचाच. "लांबसून धंदो करूचो तर लोकल ओळखी व्हयात, हितेंद्रशेठ," असं तो म्हणे, आणि त्या 'शेठ'नं हितेंद्रच्या पोटात गुदगुल्या होत. दर रविवारी कट्ट्याची व्हिडिओ मीटिंग भरे. हितेंद्र गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बाजूला सारून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा अशा थाटात तिला बसे.

फक्त एका माणसावर या शेठगिरीचा काडीचाही परिणाम झाला नाही. ती म्हणजे त्याची आई, रखमा. मालक हा शब्द तिच्या तोंडी शिवीसारखा यायचा. चाळीच्या भाडेकरू कमिटीत तिची हयात गेली होती. गळकं छप्पर, बंद पाणी, कोर्टाच्या तारखा, सगळं तिनं अंगावर घेतलं होतं आणि एकदा तर पावती फाडल्याशिवाय मालकाच्या माणसाला जिना उतरू दिला नव्हता. हितेंद्र पेढे घेऊन आला तेव्हा तिनं विचारलं, "मालक झालंस?"

"हो, आये."

"बरा," म्हणून तिनं पेढा देवापुढे ठेवला, खाल्ला मात्र नाही. हितेंद्रला ते फार लागलं. बायकोनं, सीमानं, कौतुक केलं होतं, ऑफिसात पार्टी झाली होती, पण आईच्या तोंडून एक बरा शब्द येईना आणि त्याला तर तोच हवा होता.

फ्लॅटला भाडेकरू मिळाली ती बकुळा नावाची नर्स, सोबत तिची शाळेत जाणारी लेक. आता इथे हितेंद्रनं एक शहाणपणा केला. कट्ट्यावर त्यानं ऐकलं होतं की भाडेकरूशी संबंध आपुलकीचे हवेत. त्याचं स्वतःचं मालवणी मुंबईत झिजून गेलेलं, म्हणून त्यानं फोन लावून आईच्या हातात दिला. "आये, तू मालवणीत बोल तिच्याशी. तिला आपलेपणा वाटला पाहिजे." रखमा बोलली, भरपूर बोलली, आणि बकुळाला आपलेपणा वाटला. हितेंद्रला वाटलं, चला, काम फत्ते.

जूनमध्ये कट्ट्यानं ठरवलं की सगळ्यांनी एकदम भाडं वाढवायचं. हितेंद्रनंही बकुळाला तसा मेसेज टाकला, शेवटी हात जोडलेली दोन चित्रंही टाकली. उत्तर आलं ते असं: "नमस्कार सर. करार अकरा महिन्यांचा असून त्यात मध्येच भाडेवाढीची तरतूद नाही. न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी गळतं, व्हिडिओ जोडला आहे. दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते लेखी कळवावं. तसंच आजवरच्या भाड्याच्या पावत्या मिळालेल्या नाहीत, त्या पाठवाव्यात."

हितेंद्रची पाचावर धारण बसली. त्यानं मजकूर कट्ट्यावर टाकला. रामदासचं लगेच उत्तर आलं, "शेठ, त्या बायेक कोणतरी शिकवता हा." हितेंद्रलाही तसंच वाटलं. शिवाय ही भाषा आपल्या ओळखीची आहे असंही वाटत होतं, पण कुठली ते काही केल्या आठवेना.

ते आठवलं दोन दिवसांनी. ऑफिसातून लवकर सुटून तो जिना चढून आला तर गॅलरीत आई सुपात सुकट निवडत बसलेली, फोन शेजारी स्पीकरवर.

"मालकाक भियाव नको, बाय," रखमा सांगत होती. "रागावलो तर रागावान दी. रागावलेलो मालक कायबाय लिवन देता आणि तां आपल्याक कोर्टात कामाक येता."

"पण आजी, सर तुमचाच मुलगा ना?" फोनमधून बकुळाचा आवाज आला.

"झील बरो आसा गे. पण मालक नवो आसा. तेका आताच वळण लावूक व्हया."

हितेंद्रनं कपाळाला हात लावला. "आये! मी तुझा मुलगा आहे की ती?"

"तू झील. ती भाडेकरू," रखमा शांतपणे म्हणाली, जणू यात गोंधळण्यासारखं काहीच नव्हतं.

"अगं, कट्ट्यावर माझी अब्रू जाते!"

"भिंत गळता काय नाय?"

"गळते."

"मगे?"

आतून सीमा म्हणाली, "आपल्या छपरासाठी मालकाला अर्ज तुम्हीच लिहिता ना दरवर्षी? आई सांगतात आणि तुम्ही लिहिता. तोच अर्ज आलाय तुम्हाला, नावं बदलून." सासू-सुनेचं एरवी मिठाच्या डबीवरूनही जमत नसे, आज मात्र दोघी एका सुरात बोलत होत्या.

रविवारच्या मीटिंगमध्ये रामदास तापलेलाच होता. बकुळाच्या बिल्डिंगमधले बाकीचे भाडेकरूही पावत्या मागू लागले होते. "लालबागची कोण म्हातारी फोनवर क्लास घेता म्हणतत," तो म्हणाला. "शेठ, सगळी सुरुवात तुमच्या घरापासून झाली हा. त्या बायेक आधी भायर काढा. नायतर आमचो प्लंबर नि एजंट तुमका मिळूचे नाय."

हितेंद्र घाबरला. कुडाळात त्याला दुसरं कोण होतं? हो म्हटलं असतं तर शेठपण टिकलं असतं आणि म्हातारी कोण हे कोणालाच कळलं नसतं. त्यानं वर पाहिलं. गॅलरीच्या छताला त्यानंच बांधलेलं निळं प्लास्टिक पाण्यानं फुगून खाली आलं होतं. त्या पाण्यापायी मालकाला घातलेल्या लाखोल्या त्याला आठवल्या आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"ती म्हातारी माझी आई आहे," तो म्हणाला. "भिंत मी दुरुस्त करून देणार. करार संपेपर्यंत भाडं वाढवणार नाही. आणि पावत्याही देणार."

मीटिंग संपली आणि पाठोपाठ रामदासनं त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. एका मिनिटात शेठचा पुन्हा हितेंद्र घाडी झाला आणि बर्मुडावर गॅलरीत बसून राहिला.

संध्याकाळी रामदासचाच फोन आला. आवाज अगदी खाली. "शेठ, आवस आसा काय घरात?"

"आईशी काय काम?" हितेंद्रनं छाती पुढे काढून विचारलं.

"माझा दुकान भाड्याचा आसा. वडलांपासून. मालकान जागा इकल्यान नि नवो मालक खाली कर म्हणता." मग आणखी हळू आवाजात, "कट्ट्यावर सांगू नकात."

रखमानं फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "दर महिन्याक पावती घेतंस काय रे?" पलीकडून "नाय" एवढंच आलं. मग रखमा खुर्चीत नीट बसली, चष्मा पुसला आणि रामदासचा क्लास सुरू झाला. दुसऱ्या दिवशी हितेंद्र काहीही न विचारता पुन्हा ग्रुपात आला होता. रखमाआजीही आल्या होत्या, आणि त्यांचं स्वागत फुलांच्या चित्रांनी झालं होतं.

प्लंबर मात्र बकुळानंच शोधला, तिच्या एका पेशंटचा भाऊ. त्यानं भिंत उकरून पाइप बदलला, पैसे हितेंद्रनं दिले, आणि फ्लॅट प्रथमच कोरडा झाला. हितेंद्रला वाटलं, आता आईला घर दाखवायला हरकत नाही. "आये, गणपतीला गावी गेलो की कुडाळला उतरून आपला फ्लॅट बघू. सकाळीच जाऊन धडकू."

"बकुळाक विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? घर आपलं आहे."

खाटेवर बसून सुकट निवडणाऱ्या रखमाचा हात सुपात थांबला. "तुझो बापूस शेवटच्या दुखण्यात ह्याच खाटेवर पडललो," ती म्हणाली. "मालक चपला घालून आत इलो. भिंती मोजल्यान नि गेलो. 'आत येव काय' म्हणान एक शब्द नाय. बापूस तुझो आपलो चादर वढून घेत रवलो."

हितेंद्र तेव्हा दारातच उभा होता. वडिलांची ती चादर ओढणारी बोटं त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो गॅलरीत गेला, फोन लावला, आणि आपल्याच घराच्या भाडेकरूला नवख्या पाहुण्यासारखं चाचरत विचारलं, "बकुळाताई, गणपतीत आम्ही दोघं येऊन गेलो तर चालेल का? तुम्हाला सोयीचं असेल तरच."

बकुळा म्हणाली, "त्या दिवसांत माझ्या ड्युट्या कशा लागतात ते बघून सांगते हां, सर."

"हो, हो. सावकाश सांगा," मालक म्हणाला.

तो आत आला तेव्हा रखमानं वर पाहिलं. "काय म्हणाक लागली?"

"बघून सांगते म्हणाली."

रखमा हसली. सूप बाजूला ठेवून तिनं हात पदराला पुसले.

"बकुळा बरा चेडू आसा," ती म्हणाली. "तेका मालक पण बरो गावलो हा."